गर्भनिरोधक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पुढे मूल होत नाही का?

"आधी एक लेकरू होऊ द्या, मग काय गोळ्या खायच्या त्या खा." कन्नड तालुक्यातल्या पिशोरपासून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपर्यंत, नव्या सुनेला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. सासू देते, आई देते, कधी मेडिकलच्या काउंटरपलीकडून मिळतो. त्यासोबत कारणंही येतात. गोळ्या उष्ण पडतात, गोळ्यांनी पिशवी सुकते, गोळ्या पोटात साठून गाठ होते. आता त्यात रील्सची भर पडली आहे. "पाच वर्षं गोळ्या घेतल्या आणि..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की व्हिडिओ चालतो.

थोडक्यात उत्तर असं की, गर्भनिरोधक गोळ्यांनी कायमचं वंध्यत्व येत नाही. गोळ्या एक वर्ष घेतल्या की दहा वर्षं, यानेही त्यात मोठा फरक पडत नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एक अशी बाई असते जिने गोळ्या घेतल्या आणि तिला पुढे दिवस राहिले नाहीत. तिचं काय झालं असेल, तेही समजून घ्यायला हवं.

गोळी शरीरात नेमकं काय करते?

सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणारी माला-एन ही गोळी घ्या. तिच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत दोन हार्मोन असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ गोळ्या फक्त लोहाच्या असतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बहुतेक महागड्या गोळ्यांचं तत्त्वही हेच आहे, फक्त हार्मोनचा प्रकार आणि मात्रा थोडी बदलते.

दर महिन्याला मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडाशयाला निरोप जातो आणि एक अंडं पिकून बाहेर पडतं. गोळीतल्या हार्मोनमुळे हा निरोपच थांबतो. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाजवळचा स्राव घट्ट होतो, त्यामुळे शुक्राणूंना आत शिरणं अवघड जातं. म्हणजे अंडाशय खराब होत नाही, पिशवी सुकत नाही, फक्त काम थांबलेलं असतं.

आणि ते काम थांबलेलं राहावं म्हणून रोज एक गोळी घ्यावी लागते. कारण आधीच्या दिवसाचं हार्मोन शरीर बाहेर टाकत असतं. गोळ्या साठत असत्या तर रोज घ्यायची गरजच पडली नसती. दोन-तीन गोळ्या लागोपाठ विसरल्या तर दिवस राहू शकतात, हे गोळ्या घेणाऱ्या अनेकींनी अनुभवलेलं असतं. रोज आठवणीने न घेतल्यामुळे प्रत्यक्षात वर्षभरात १०० पैकी साधारण ७ जणींना गोळ्या सुरू असतानाही गर्भ राहतो, असं अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेची आकडेवारी सांगते. दोन दिवसांच्या विसराळूपणाने जिचा परिणाम जातो, ती गोळी जन्मभराचं वांझपण कसं देईल?

अंड्यांचा साठा संपतो किंवा वाचतो, असंही काही जण सांगतात. दोन्ही चूक. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात १० ते २० लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात आणि पुढेही आपोआप कमी होत जातात. गोळी हा वेग वाढवत नाही आणि थांबवतही नाही. गोळ्या सुरू असताना एएमएच ही रक्ततपासणी केली तर आकडा थोडा कमी दिसू शकतो. तो पाहून घाबरण्याआधी तपासणीच्या वेळी गोळ्या चालू होत्या हे डॉक्टरांना सांगायला हवं.

संशोधन काय सांगतं?

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. अमेरिकेत १९६० मध्ये पहिल्या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिच्यातली हार्मोनची मात्रा आजच्या कित्येक पट होती. गोळ्या सोडल्यावर काही बायकांची पाळी महिनोन्‌महिने येत नाही, अशा नोंदी डॉक्टर त्याच काळात करू लागले.

मग ब्रिटनमध्ये १९६८ पासून कुटुंबनियोजन केंद्रांत येणाऱ्या १७ हजारांहून जास्त स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. १९७८ मध्ये त्यातले निष्कर्ष आले. गोळ्या सोडणाऱ्या बायकांना सुरुवातीचे महिने इतर साधनं सोडणाऱ्यांपेक्षा उशिरा दिवस राहत होते. पण हा फरक हळूहळू मिटत गेला. ज्यांना आधी कधीच गर्भ राहिला नव्हता त्यांच्यात तो मिटायला जास्त वेळ लागला, साधारण साडेतीन वर्षं. म्हणजे त्या जुन्या, जड मात्रेच्या गोळ्यांनीही कायमचं नुकसान दिसलं नाही, उशीर मात्र दिसला. 'आधी एक होऊ द्या' या सल्ल्यामागे काही आधार शोधायचाच असेल, तर तो इथे आहे, आणि तो पन्नास वर्षं जुना आहे.

आजच्या कमी मात्रेच्या गोळ्यांचं चित्र बरंच वेगळं आहे. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत मूल हवं म्हणून गोळ्या सोडलेल्या २,०६४ स्त्रियांची माहिती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्याच पाळीच्या चक्रात २१ टक्के जणींना आणि वर्षभरात ७९ टक्के जणींना गर्भ राहिला. कुठलंही साधन न वापरणाऱ्या जोडप्यांतही वर्षभरात गर्भ राहण्याचं प्रमाण साधारण ८० ते ८५ टक्के असतं. २०१८ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात गोळ्या सोडणाऱ्यांचा वर्षभराचा आकडा ८७ टक्के आला.

'वर्षानुवर्षं' या शब्दावर थांबायचं तर ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे साडेआठ हजार ठरवून केलेल्या गर्भधारणांचा २००२ चा अभ्यास पाहावा लागेल. पाच किंवा त्याहून जास्त वर्षं गोळ्या घेतलेल्यांमध्ये गर्भ राहायला उशीर होण्याचं प्रमाण उलट कमी होतं. लगेच 'गोळ्यांनी प्रजननक्षमता वाढते' असं कुणी फॉरवर्ड करू नये. गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांमध्ये इतरही फरक असतात. पण दीर्घ वापराने नुकसान होतं, हे यातून नक्कीच दिसत नाही.

२०२० मध्ये डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या जवळपास १८ हजार स्त्रियांवरचा अभ्यास आला. साधन सोडल्यावर प्रजननक्षमता पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हे त्यात मोजलं होतं. गोळ्यांसाठी साधारण तीन चक्रं, तांबीसारख्या साधनांसाठी दोन आणि इंजेक्शनसाठी पाच ते आठ. तीन चक्रं म्हणजे तीन महिने. मूल हवं असणाऱ्यांनी एवढं गणित मनात धरून चालावं.

मग 'त्या' बाईला मूल का झालं नाही?

खरा घोळ इथे आहे, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे वय. चोविसाव्या वर्षी गोळ्या सुरू केल्या आणि चौतिसाव्या वर्षी सोडल्या, तर मधली दहा वर्षं गोळ्यांनी खाल्लेली नसतात, ती कॅलेंडरने खाल्लेली असतात. तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता हळूहळू आणि पस्तिशीनंतर वेगाने कमी होते. गोळ्या न घेताही ती कमी झालीच असती. शहरात शिक्षण, नोकरी आणि घराच्या हप्त्यांमुळे मूल लांबवणाऱ्या जोडप्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

दुसरं कारण पीसीओएस. अनेक मुलींना पाळी अनियमित येते म्हणूनच डॉक्टर या गोळ्या देतात. गोळ्या चालू असेपर्यंत दर महिन्याला लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात रक्तस्राव होतो आणि सगळं सुरळीत वाटतं. तो रक्तस्राव खरं तर नेहमीची पाळी नसते, हार्मोन बंद झाल्यामुळे येणारं रक्त असतं. गोळ्या थांबल्या की मूळची अनियमितता परत दिसते आणि खापर गोळ्यांवर फुटतं. दुखणं आधीचंच असतं, गोळीने ते फक्त झाकलेलं असतं. अशा मुलींच्या आईला आणखी एक धास्ती असते. लग्नाआधी पोरीच्या पर्समध्ये 'ती' गोळी सापडली तर लोक काय म्हणतील? मग कोर्स मध्येच तुटतो.

तिसरं कारण आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे क्षयरोग. टीबी फक्त फुफ्फुसाचा नसतो. तो गर्भाशयाला आणि गर्भनलिकांनाही होतो, अनेकदा काही लक्षण न दाखवता, आणि नलिका बंद करून टाकतो. भारतात वंध्यत्वाच्या तपासणीत डॉक्टर हे कारण आवर्जून शोधतात. अंगावर काढलेला पांढऱ्या पाण्याचा त्रास, लैंगिक संसर्ग आणि अर्धवट झालेल्या गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, यांनीही नलिका खराब होतात.

आणि चौथं कारण नवरा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडची कारणंही असतात. वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त, सोपी आणि न टोचता होणारी तपासणी, पण बायकोची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, नलिकांचा एक्स-रे, नवस आणि दोन बाबा झाल्यावर तिचा नंबर लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार जगात सहापैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. एवढ्या सगळ्यांनी गोळ्या खाल्लेल्या नाहीत.

सगळ्या गोळ्या एकच नाहीत

'गोळ्या घेतल्या' असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, कोणत्या?

छाया ही सरकारी कार्यक्रमातली दुसरी गोळी. तिच्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन नाहीत. सेंटक्रोमॅन हे तिच्यातलं औषध लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलं गेलं आणि आधी 'सहेली' नावाने बाजारात आलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची. स्तनपान देणाऱ्या आईलाही चालते. काहींची पाळी हिच्यामुळे लांबते आणि 'दिवस राहिले की काय' म्हणून धावपळ होते. गोळी सोडल्यावर गर्भधारणा होऊ शकते.

७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी वेगळी. ती गर्भ पाडत नाही, अंडं बाहेर पडणं लांबवते. तिनेही वंध्यत्व येत नाही. पण महिन्यातून तीन-चारदा ती घेणं म्हणजे पाळीचं वेळापत्रक बिघडवून घेणं आहे, आणि रोजच्या गोळीइतकी ती भरवशाचीही नाही.

गौरी-गणपती, नवरात्र, लग्नकार्य किंवा वारी आली की मेडिकलमधून हमखास विकली जाते ती पाळी पुढे ढकलायची गोळी. तिच्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. ती गर्भनिरोधक गोळी नव्हे. ती चालू आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या समजात राहू नये. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. वर्षातून एखाद्या वेळी घेतली म्हणून पुढे मूल व्हायला अडचण येत नाही, पण ती डॉक्टरांना विचारून घेतलेली बरी.

गर्भपाताच्या गोळ्या तर पूर्णपणे निराळ्या. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही गुपचूप आणून घरीच घेतल्या, गर्भपात अर्धवट राहिला आणि संसर्ग झाला, तर पुढच्या गर्भधारणेला खरा धोका इथे आहे. गावात 'गोळ्यांनी पोरीची पिशवी खराब झाली' अशी गोष्ट ऐकू येते, तेव्हा त्यातल्या काही गोष्टींत गोळी ही असू शकते. नाव मात्र माला-एनचं खराब होतं.

अंतरा हे गोळी नसून तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे. सोडल्यावर उशीर होतो हा समज याच्या बाबतीत खरा आहे. शेवटच्या इंजेक्शनपासून गर्भ राहायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. तेही कायमचं नाही. पण पुढच्याच वर्षी मूल हवं असेल तर अंतरा निवडण्याआधी हे कळलेलं असावं.

भीतीची किंमत कोण मोजतं?

महाराष्ट्रात गर्भनिरोधनाची चर्चा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. कर्वे १९५३ मध्ये गेले. गोळी त्यांनी पाहिलीच नाही.

शंभर वर्षांनंतर परिस्थिती अशी की, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदी झालेली आहे. गोळ्या घेणाऱ्या शंभरात जेमतेम दोन-तीन. म्हणजे आधी पटापट मुलं आणि मग 'ऑपरेशन'. मधल्या काळासाठी साधन वापरायची सवय फारशी रुजलेली नाही. ज्या गोळीला एवढं घाबरतात, ती घेणाऱ्याच थोड्या आहेत.

याच पाहणीत २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं आणि राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता. पिशोरसारख्या शेतीवरच्या गावात एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी सासरी आलेल्या मुलीला दोन वर्षं थांबायचं असेल, रक्त भरून काढायचं असेल, बारावीनंतरचं शिक्षण पुरं करायचं असेल, तर तिच्या आड येणारी पहिली गोष्ट हीच भीती असते. 'वांझ' हा शब्द तिलाच ऐकावा लागणार असतो, नवऱ्याला नाही. म्हणून ती धोका पत्करत नाही. बाळंतपणानंतर पुढच्या गर्भासाठी किमान २४ महिने थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण तिथेही हाच समज आडवा येतो.

गोळी मिळवणं मात्र अवघड नाही. माला-एन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. २०११ पासून आशाताईंमार्फत घरपोच साधनं देण्याची योजना आहे, त्यात एका महिन्याच्या पाकिटाला एक रुपया घेण्याची तरतूद होती. अडचण असते ती आशाताई घरी आल्यावर सासूसमोर मागायची कशी, याची.

कोणी घेऊ नयेत?

मूल न होण्याची भीती खोटी असली तरी गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, ब्लड प्रेशर वाढलेलं असेल, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी होत असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, वय ३५ च्या वर असून विडी-सिगारेटची सवय असेल, तर माला-एनसारख्या गोळ्या टाळाव्या लागतात. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा परिणामच कमी होतो, तेव्हा दुसरं साधन लागतं. गोळ्या घेत असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, सोडल्यावर तो हळूहळू ओसरतो. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका मात्र कमी होतो, आणि तो फायदा गोळ्या सोडल्यावरही बरीच वर्षं टिकतो.

मूल हवं असेल तर काय करायचं?

'दर वर्षी तीन महिने गोळ्यांना सुट्टी द्या' हा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याला वैद्यकीय आधार नाही. त्या सुट्टीतच नको असताना दिवस राहतात.

मूल हवं असेल तेव्हा चालू पाकीट संपवावं आणि नवीन सुरू करू नये. पहिल्याच महिन्यात दिवस राहिले तरी घाबरायचं कारण नाही. डेन्मार्कमध्ये ८ लाख ८० हजारांहून जास्त बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गर्भधारणेच्या आधी किंवा नकळत सुरुवातीच्या दिवसांत आईने गोळ्या घेतल्या म्हणून बाळात व्यंग येण्याचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र गर्भ राहायच्या आधीपासूनच सुरू करावी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. गोळ्या सोडून तीन महिने झाले आणि पाळीच आली नाही, तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी आणि मग डॉक्टरांना दाखवावं.

पाळी नियमित आहे, प्रयत्न चालू आहेत आणि वर्ष झालं तरी गर्भ राहिला नाही, तर तपासणीची वेळ झाली. वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच. पिशोरच्या जोडप्याने त्यासाठी कन्नड गाठलं, किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं ठरवलं, तरी दोघांनी मिळून जावं आणि पहिल्याच खेपेला नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी. त्यासाठी दोन ते सात दिवस संबंध टाळायला सांगतात. हे आधी माहीत असलं तर एक हेलपाटा वाचतो.